टाकळ्याचे बी : एकाला गुण, दुसऱ्याला दोष

मालवणपासून सावंतवाडीपर्यंत पहिल्या पावसाबरोबर वाटेच्या दोन्ही बाजूंना टाकळा उगवतो. आपण त्याला टायकळो म्हणतो, कोवळा पाला भाजीसाठी खुडतो आणि पुढे त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळतात. त्यांतील बी हा मात्र व्यापाराचा माल आहे. त्यात हात घालू इच्छिणाऱ्या बांधवांनी आधी त्यातील रसायन समजून घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

या बियांत क्रायसोफॅनॉल व त्याच्या जातीची द्रव्ये असतात. रसायनशास्त्रात या कुळाला अँथ्राक्विनोन म्हणतात. क्रायसोफॅनॉल पिवळे असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलात विरघळते आणि अल्कलीत लाल होते. प्रयोगशाळेत ही द्रव्ये याच लाल रंगावरून ओळखतात.

नायटा, गजकर्ण यांवर टाकळा जुना उपाय आहे. संस्कृतातील 'चक्रमर्द' हे नाव त्यावरूनच पडले. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर 'गोवा पावडर' विकली जाई. ती ब्राझीलमधील झाडाची. पोर्तुगीज व्यापारामुळे तिला गोव्याचे नाव चिकटले. तिच्यातील औषधी द्रव्येही क्रायसोफॅनॉलचीच नातलग होती. रंगारी कारागीर निळीच्या रांजणात टाकळ्याचे उकडलेले बी घालत. त्यावर आंबवण चढते आणि न विरघळणारी नीळ विरघळू लागते. नैसर्गिक निळीचे काम करणाऱ्यांना हे बी आजही उपयोगी आहे.

आता दुसरी बाजू. बियांच्या मधल्या गरापासून डिंक काढतात. डबाबंद पशुखाद्य घट्ट करण्यासाठी तो वापरतात. युरोपात माणसांच्या खाद्यपदार्थांतही त्याला ई-४२७ या क्रमांकाने मान्यता आहे. पण तेथे अट अशी, की किलोमागे अँथ्राक्विनोन ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणून टरफल व अंकुर काढून डिंक अल्कोहोलाने धुतात. औषधवाला ज्यासाठी बी घेतो, तेच डिंकवाला काढून टाकतो. तेव्हा माल कोणासाठी, हे विचारूनच भाव बोलावा.

सर्वांत मोठा धोका भेसळीचा. शेजारीच कासविंदा, म्हणजे रानटाकळा, उगवतो. त्याचे बी विषारी आहे. उत्तर प्रदेशात ते खाऊन लहान मुले दगावली आहेत. डिंकाच्या बियांत त्याचे प्रमाण ०.०५ टक्क्यापेक्षा कमीच लागते. ओळख सोपी आहे. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोके बोथट, शेंग बारीक व वाकडी, बी चकचकीत व कोनदार. कासविंद्याला जोड्या जास्त, टोके अणकुचीदार, शेंग चपटी, बीही चपटे. पोत्यात मिसळल्यावर निवडणे कठीण जाते, म्हणून झाड पाहूनच शेंगा तोडाव्यात आणि बी कडक वाळवून भरावे.

ओले धान्य ढिगाखाली लपवणाऱ्या व्यापाऱ्याला पैगंबरसाहेबांनी (स.) भर बाजारात टोकले होते. मालातील ऐब आधी सांगावा, हाच त्याचा बोध. टाकळ्याच्या धंद्यात तर त्यावर कोणाचा जीवही अवलंबून आहे.