दोन दारे की चार?

गेल्या पौषात आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतले आणि चहाचा कप हातात देता देता विचारले, ‘‘सर, तुम्हाला दोन दारे हवीत की चार?’’

घर बांधण्याचा माझा विचार नव्हता. पण पाचोऱ्यात राहणाऱ्याला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. डॉक्टरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन स्टँडर्ड हेरल्ड मोटारी शेजारी शेजारी उभ्या असत. एक दोन दारांची, एक चार दारांची. डॉक्टर आता लेकीकडे पुण्याला कायमचे राहायला निघाले होते. एक मोटार नाशिकचे एक शौकीन गृहस्थ नेणार होते. दुसरी मी स्कूटरच्या किमतीत न्यावी. अट एकच, ती चालवायची, आच्छादन घालून देव्हाऱ्यात ठेवायची नाही. कोणती ते रविवारी संध्याकाळपर्यंत सांगायचे.

माझे उत्तर खरे तर पस्तीस वर्षांपूर्वीच ठरले होते. सहावीत असताना मला टायफॉइड झाला, तेव्हा डॉक्टर ज्या गाडीने आमच्या दारात येत, ती हीच दोन दारांची. तापात पडल्या पडल्या तिचे ते लांबलचक दार लागल्याचा आवाज ऐकला, की निम्मा ताप उतरे. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, कर्ज काढून एक साधी मोटारही घेतली. पण स्वप्नात येई ती हेरल्डच.

दोन दारांच्या डौलदार गाडीला ‘कूपे’ म्हणतात. हा शब्द रेल्वेच्या कृपेने आपल्या ओळखीचा आहे. पहिल्या वर्गातला दोघांपुरता डबा तो कूपे. मूळ फ्रेंच, अर्थ ‘कापलेला’. घोड्याच्या बग्गीतली पुढची बैठक कापून टाकली, दोघांपुरती जागा उरली, तिचे नाव कूपे. चार दारांची ती सेडान. हा शब्द पूर्वी माणसे खांद्यावर वाहून नेत त्या बंद खुर्चीचा, म्हणजे आपल्या मेण्याचा. इंग्रज तिला ‘सलून’ म्हणतात, पण तो शब्द आमच्याकडे न्हाव्याने आधीच नेला आहे.

हेरल्डची जन्मकथाही अशी कापाकापीचीच. ट्रायम्फ कंपनीने 1959 साली ती इंग्लंडात आणली. रूप दिले इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी. त्या काळी बहुतेक मोटारींचा सांगाडा आणि कवच एकजीव होऊ लागले असताना हेरल्डला मात्र खाली वेगळी चासी, आणि वर तुकड्यातुकड्यांचे कवच बोल्टांनी आवळलेले. त्यामुळे एकाच चासीवर कधी कूपे, कधी सलून, कधी उघड्या टपाची गाडी करता येई. तिकडच्या कूपेला दोन कार्बुरेटर होते, सलूनला एक. कूपेत मागे बसायची जागा नावापुरती.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961 पासून ती आपल्या देशात बनवायला घेतली, तेव्हा ती दोन दारांची होती. काटेकोर बोलायचे तर ही कूपे नव्हे, दोन दारांची सलूनच. पण अँबॅसिडर आणि फियाट यांच्या त्या राज्यात तिचा तोरा कूपेचाच होता. मात्र आपल्याकडे मोटार घेणारा एकटा नसतो. आजी, आत्या, मुले आणि लोणच्याची बरणी धरून तो मोटार घेतो. म्हणून साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासवाल्यांनी खास हिंदुस्थानासाठी चार दारांची हेरल्ड काढली. इंग्लंडात ती कधी झालीच नाही.

रविवारी सकाळी मी, सौ., कन्या आणि आई असे डॉक्टरांकडे गेलो. आईला शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाचे दर्शन घ्यायचे होते. जाताना एक गाडी, परत येऊन दुपारच्या फेरीला दुसरी, असा बेत केला. रस्ता तोच: वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी; ज्या बाजूने पूर्वी पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी झुकझुकत जाई आणि जी 2020 च्या टाळेबंदीत थांबली, तो.

मंडळींना बसवण्याआधी डॉक्टरांनी मला एकट्यालाच दोन दारांच्या गाडीत घातले. काय सांगू! 948 सी. सी. चे एवढेसे इंजिन, पण गिअरचा दांडा जमिनीतून हाताशी आलेला. पहिला गिअर धावत्या गाडीत कुरकुरल्याशिवाय पडत नाही. त्याच्यासाठी जवळजवळ थांबावेच लागते. दार लांब असल्याने मधला खांब माझ्या पाठीमागे राहिला होता, आणि चौकात डावे-उजवे स्वच्छ दिसत होते. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ही गाडी वळते. कापसाच्या ट्रॅक्टरने रस्ता अडवला, तशी मी ती एका फटक्यात फिरवली आणि पोरासारखा हसलो.

एका वळणावर मात्र डॉक्टर ओरडले, ‘‘पाय काढू नका!’’

पुढे त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि मला खाली वाकून पाहायला सांगितले. हेरल्डच्या मागच्या चाकांना एक अखंड अ‍ॅक्सल नाही. मधोमध पक्क्या बसवलेल्या डिफरन्शियलपासून दोन अर्धे दांडे पंखांसारखे वरखाली हलतात, त्यांच्यावर आडवा पाटा. गाडी रिकामी असताना वेगात वळण घेतले आणि मध्येच अ‍ॅक्सलरेटर सोडला, तर मागचा भाग उचलला जातो, बाहेरचे चाक खालून आत मुडपते आणि गाडीची शेपटी सटकू पाहते. मागे माणसे बसली, की तीच चाके खालून जरा फाकतात आणि रस्ता धरून चालतात. आपल्याकडच्या पुष्कळ गिऱ्हाइकांचा आणि मिस्तऱ्यांचा या रचनेवर कधी विश्वास बसला नाही; म्हणून सत्तरीच्या आरंभी आलेल्या गॅझेलला कंपनीने साधा अखंड अ‍ॅक्सलच दिला.

‘‘हे दोन्ही गाड्यांत सारखेच,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पण दोन दारांची नेहमी रिकामी धावते.’’

मग मंडळी बसली. पुढची खुर्ची पालथी करून आईला मागे बसवणे हा एक समारंभच झाला; सौ.ने आतून हात दिला, मी पाठीमागून आधार. आईचे वय शहात्तर, गुडघे तिच्याहून थकलेले. पिंपळगावला कन्येला पेरू दिसले. ती टुणकन उतरली. आई म्हणाली, ‘‘राहू द्या, मी बसते.’’ शेंदुर्णीला दर्शन घेऊन आल्यावर पुन्हा तोच समारंभ. देवळापाशी बायका थांबून पाहत होत्या. आई काही बोलली नाही, पण परतताना तिने पाण्याच्या बाटलीला हात लावला नाही. का, ते सौ.ने मला नंतर सांगितले.

दुपारी चार दारांची काढली. चालवणाऱ्याला फरक अगदी थोडा. गाडी किंचित जड, उठावाला किंचित आळशी. मधला खांब खांद्याशी आल्यामुळे बाजूला पाहताना मान पुढे काढावी लागे. वळणांवर मात्र, मागे तिघीजणी बसलेल्या असल्याने, ती सकाळच्या माझ्या एकट्याच्या फेरीपेक्षा निश्चिंत गेली. डौल? छोट्या पुढच्या दारांनी तो निम्मा खाल्ला होता, यात शंका नाही.

वरखेडीच्या पुढे मी सावलीत गाडी थांबवली. स्टिअरिंगवर हात ठेवून मी मनाशी हिशेब मांडत होतो. आई मागे बसली तर कितीदा बसणार? वर्षातून सहा वेळा? आणि चालवणार तर मी रोज. नाशिकच्या गृहस्थांना चार दारांची दिली तर काय बिघडले? असा अगदी व्यवहारी विचार चालला असताना मागे खट्‌ आवाज झाला. आईने आपल्या हाताने दार उघडले होते. आधी एक पाय, मग दुसरा, दाराच्या कडेला धरून ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि रस्त्याकडेच्या केळीच्या बागेकडे एकटीच चालू लागली.

‘‘कुठे गं?’’ मी विचारले.

‘‘कुठे नाही. जरा पाय मोकळे करते,’’ ती म्हणाली.

संध्याकाळी मी डॉक्टरांना ‘चार’ म्हणालो. त्यांनी किल्ली दिली, मग माझ्या तोंडाकडे पाहून दुसरी किल्लीही पुढे केली. ‘‘नाशिकवाले मंगळवारी येणार आहेत. एक चक्कर मारून या. आणि वळणावर पाय काढू नका.’’