मुले मैदानात, आईबाबा कठड्यावर!

चाळिशीनंतर खेळायला वेळ मिळत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण कारखान्याच्या पाळ्या आणि मुलांच्या शिकवण्या सांभाळतही तो काढता येतो.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास भिलाईच्या कोणत्याही मैदानावर गेले, तरी एक दृश्य हमखास दिसते. आत मुले घाम गाळत असतात आणि बाहेर स्कूटर उभी करून त्यांचे आईबाबा थांबलेले असतात. कुणी मोबाइलमध्ये डोके घातलेले, कुणी पाण्याची बाटली आणि टॉवेल सांभाळत कठड्यावर बसलेले. तासाभराने मुलाला मागे बसवायचे, वाटेत भाजी घ्यायची आणि त्याला शिकवणीला सोडायचे. मुलाचा खेळ झाला, अभ्यासही झाला. आईबाबांचे मात्र पोट आणखी थोडे सुटले आणि गुडघा आणखी थोडा कुरकुरू लागला.

मुलांना खेळवण्यात भिलाई मुळीच मागे नाही. सेक्टर-१ च्या पंत स्टेडियममध्ये प्रशिक्षक राजेश पटेल यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलींनी बास्केटबॉलची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. पटेल यांचे २०१८ मध्ये निधन झाले, पण त्यांनी लावलेली खेळाची गोडी शहरात कायम आहे. शेजारच्या दुर्गची सबा अंजुम भारताच्या महिला हॉकी संघातून खेळली आणि २०१५ मध्ये पद्मश्रीची मानकरी ठरली. असे असूनही पंचेचाळिशीच्या गृहस्थाने किंवा गृहिणीने रॅकेट हाती घेतली, की "आता या वयात?" हा प्रश्न सर्वांत आधी घरातूनच येतो. खरे तर याच वयात खेळाची गरज सर्वांत जास्त असते.

घाम गेला, खुर्ची आली

भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाबरोबर झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात देशभरातून लोक इथे नोकरीसाठी आले, त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्या पिढीला व्यायाम वेगळा करावा लागत नसे. कामावर सायकलने जाणे-येणे, कारखान्यात चढउतार आणि घरी आल्यावर अंगणातली बाग, यातच शरीर राबत होते.

आज त्याच घरातला मुलगा मोटारसायकलवरून जातो आणि वातानुकूलित कक्षात पडद्यासमोर बसून यंत्रे चालवतो. काम सोपे झाले असे नाही, जबाबदारी आणि ताण वाढलाच आहे. पण आठ तासांत शरीर फारसे हलत नाही. घरातही मिक्सर आणि वॉशिंग मशीन आले. आईचे कष्ट हलके झाले हे चांगलेच झाले, पण त्यांची जागा कोणत्याही हालचालीने घेतली नाही.

या फरकाची किंमत किती, हे लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी दाखवून दिले होते. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये बसचालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. गाडी एकच, नोकरीही जवळपास सारखीच. चालक दिवसभर बसलेला आणि वाहक तिकिटे देत जिने चढत-उतरत असलेला. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले.

भारतीयांनी तर अधिकच सावध राहायला हवे. अनेक देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका साधारण ५३ व्या वर्षी येत असल्याचे दिसले. इतर देशांत हेच वय सुमारे ५९ होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. मुलगा बारावीत आणि मुलगी कॉलेजात, अशा ऐन वेळी घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर साऱ्या घराचीच घडी विसकटते. तेव्हा स्वतःसाठी काढलेला अर्धा तास हा स्वार्थ नव्हे. तोही घरखर्चाच्या हिशेबातलाच एक भाग आहे.

पाळीप्रमाणे वेळ

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. मध्यम हालचाल ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे.

"रोज सकाळी सहा वाजता फिरायला जा" हा सल्ला पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या घराला लागू पडत नाही. म्हणून घड्याळाशी नव्हे, तर पाळीशी वेळ बांधून घ्यावी. सकाळची पाळी असेल, तेव्हा दुपारची विश्रांती झाल्यावर संध्याकाळी खेळावे. दुपारची पाळी असेल, त्या आठवड्यात सकाळ मोकळी असते. मुले शाळेत गेली की निघावे. रात्रपाळीहून आल्यावर मात्र मैदानाकडे वळू नये. आधी पुरेशी झोप घ्यावी आणि उठल्यावर, संध्याकाळी हलका व्यायाम करावा. पाळी बदलण्याच्या दिवशी नुसते चालणे पुरे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळीसोबत खेळाची वेळही लिहून ठेवली, की घरातले सगळेच ती जपतात.

मुलांसाठी थांबण्याचा तास तर हाताशी आहेच. तो कठड्यावर बसून काढण्याऐवजी मैदानाभोवती फेऱ्या माराव्यात. दिवसाला दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असेही नाही. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या एका अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांनाही कमी चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट फायदा दिसला. साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही. तेव्हा आकड्याचे दडपण न घेता सुरुवात करावी.

कोणता खेळ निवडावा?

चालण्याचा कंटाळा येतो, हे अनेकांचे खरे दुखणे असते. अशांनी खेळ निवडावा. खेळात सोबती असतो आणि सोबती वाट पाहत असला, की दांडी मारणे जड जाते. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात साडेआठ हजारांहून अधिक लोकांचा सुमारे २५ वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बैठे आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणारे सरासरी ९.७ वर्षे, बॅडमिंटन खेळणारे ६.२ वर्षे आणि सायकल चालवणारे ३.७ वर्षे अधिक जगल्याचे आढळले. हे सारे खेळामुळेच झाले, असे त्यातून सिद्ध होत नाही. मात्र इतरांबरोबर खेळले जाणारे खेळ यादीत वर होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

बॅडमिंटन मराठी माणसाला परका नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत तो 'पूना' या नावाने खेळला जाई. मात्र यात अचानक धावणे, वळणे आणि उडी मारणे असते. त्यामुळे अनेक वर्षांनी खेळणाऱ्याने पहिले काही आठवडे दुहेरीच खेळावे.

पिकलबॉल हा खेळ तर मुलांना कंटाळलेले पाहून मोठ्यांनीच शोधला. अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर १९६५ च्या उन्हाळ्यात जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्राने बॅडमिंटनचे कोर्ट, टेबल टेनिससारख्या फळ्या आणि भोके असलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन घरच्यांसाठी तो सुरू केला. भारतात तो रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना जाते. याचे कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच, म्हणजे ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. जाळी मध्यभागी ३४ इंच उंच असते. धावपळ कमी आणि सर्व्हिस खालून, त्यामुळे आजोबा आणि नातूही एकत्र खेळू शकतात. क्वार्टरसमोर बॅडमिंटनची आखलेली जागा असेल, तर नव्या कोर्टाचीही गरज नाही.

सायकल गुडघ्यांवर भार टाकत नाही आणि भिलाईचे सपाट, रुंद रस्ते तिला सोयीचे आहेत. कारखान्याच्या पाळ्या बदलतात, ती वर्दळीची वेळ मात्र टाळावी. पोहणे वजन जास्त असलेल्यांसाठी आणि सांधे दुखणाऱ्यांसाठी उत्तम. पोहता येत नसेल, तर चाळिशीतही प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकता येते. मुलाच्या शिकाऊ वर्गाला जोडून मोठ्यांचा वर्ग असेल, तर एकाच फेरीत दोघांचे काम होते.

आईसाठी वेळ कुठे?

घरातल्या वेळापत्रकात सगळ्यांत शेवटी जिचा नंबर लागतो, ती आई. डबे, शाळा, नोकरी, सासूसासऱ्यांची औषधे यातून तिला "मोकळा वेळ" मिळेल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. घरच्यांनी तो काढून दिला पाहिजे. आठवड्यातून तीन संध्याकाळी कुकर लावणे आणि मुलांचा गृहपाठ पाहणे वडिलांनी पत्करले, तर आईचे खेळणे सुरळीत होते.

स्त्रियांना एकटीने मैदानावर जायचा संकोच वाटतो. चार-पाच जणींचा गट झाला की तो जातो. भिशीचा गट तर बहुतेक ठिकाणी असतोच. महिन्यातून एकदा खाण्यासाठी जमणाऱ्या मैत्रिणी आठवड्यातून तीनदा चालण्यासाठी किंवा बॅडमिंटनसाठी का जमू नयेत? मराठी घरांत मंगळागौरीची परंपरा आहेच. झिम्मा, फुगडी, पिंगा हे खेळ रात्रभर खेळणाऱ्या आज्यांना कुणी व्यायामशाळेत पाठवले नव्हते. श्रावणातल्या एका रात्रीचा हा दम वर्षभर टिकवायचा, एवढेच. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात. त्यामुळे चाळिशीपासूनच चालणे, जिने चढणे आणि थोडे वजन उचलणे त्यांना विशेष हितकारक ठरते.

ताकद हवी, तर नमस्कार

तिशी-चाळिशीनंतर व्यायाम नसेल, तर स्नायू हळूहळू झिजत जातात. म्हणून खेळाबरोबर ताकदीचा व्यायामही हवा. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे आणि जमेल तशा बैठका, एवढ्याने सुरुवात होते.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी राज्यकारभार सांभाळून चाळिशीच्या सुमारास नियमित सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यांनी स्वतः ते घातले, घरात रुजवले आणि संस्थानातल्या शाळांतही सुरू केले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी पुढे सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. वडिलांचा व्यायाम मुलाच्या अंगी उतरल्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. नव्याने सुरू करणाऱ्यांनी तीन-चार नमस्कारांपासून आरंभ करून दर आठवड्याला एक-दोन वाढवावेत. रक्तदाब किंवा पाठीचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

उत्साहाला लगाम

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आरपार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. पुण्याचे आशीष कासोदेकर यांनी वयाच्या पन्नाशीत २०२१-२२ मध्ये ६० दिवसांत ६० मॅरेथॉन धावून दाखवल्या. अशा बातम्या वाचून हुरूप यावा, पण त्यांच्याशी स्पर्धा करू नये. त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी असते.

चाळिशीत मन विशीचे असते, पण पोटरी आणि टाच विशीची नसते. बॅडमिंटन कोर्टवर पहिल्याच रविवारी दोन तास खेळून सोमवारी लंगडत कामावर जाणारे पुष्कळ असतात. म्हणून काही पथ्ये पाळावीत.

• सुरुवातीला रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, धूम्रपान असेल किंवा आधीपासून औषधे चालू असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जोराचा खेळ सुरू करू नये.

• खेळाआधी दहा मिनिटे चालून, हातपाय मोकळे करून अंग गरम करावे. खेळानंतर एकदम बसू नये.

• छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, घेरी किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली, तर तिथेच थांबून लगेच रुग्णालयात जावे. "गॅस झाला असेल" म्हणून घरी परतू नये.

• एप्रिल ते जून भिलाईचा पारा चाळिशीच्या वर जातो. या दिवसांत सूर्योदयाच्या आसपास किंवा अंधार पडल्यावरच खेळावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

• चपला किंवा ऑफिसचे बूट घालून खेळू नये. कपड्यांवर नव्हे, पण बुटांवर खर्च जरूर करावा.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात फक्त चालावे, आठवड्यातून पाच दिवस. वीस मिनिटांपासून तिसापर्यंत यावे आणि दोन दिवस उठाबशा जोडाव्यात. दुसऱ्या महिन्यात चालण्याचे दोन दिवस निवडलेल्या खेळाला द्यावेत, एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. तिसऱ्या महिन्यात खेळ तीन दिवस करावा आणि त्यांतला एक दिवस मुलांबरोबर खेळावा. वजनकाट्यावर लगेच फरक दिसला नाही, तर हिरमुसू नये. तिसऱ्या मजल्यावर चढताना दम लागत नाही, रात्री झोप शांत लागते, चिडचिड कमी होते, ही लक्षणे काट्याच्या आधी दिसू लागतात.

मुलांबरोबर खेळताना आईबाबांना एकच गोष्ट शिकावी लागेल, ती म्हणजे हरणे. घरात कायम सूचना देणारे बाबा कोर्टवर मुलीकडून सर्व्हिस कशी करायची ते शिकतात, चुकतात आणि तिच्याबरोबर हसतात. असा अर्धा तास शिकवणीच्या कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही, पण त्यानंतर घरात मुलांचे आईबाबांशी बोलणे वाढते. खेळाचा हा फायदा कुठल्याही तपासणीच्या अहवालात दिसत नाही. घरातल्यांना मात्र तो पहिल्याच महिन्यात जाणवतो.