एक खोली, दोन खातेदार

घरातील जादा खोलीचे नाव बोलणाऱ्यागणिक बदलते. यजमान तिला पाहुण्यांची खोली म्हणतात, मुले अभ्यासाची, तर घरातील स्त्रिया शिवणाची. प्रत्यक्षात ही तिन्ही कामे तिथे थोडीथोडी होत असतात आणि उरलेल्या जागेत अडगळ सुखाने नांदत असते. अशा खोलीत दोन व्यक्तींच्या दोन निरनिराळ्या हस्तकलांचे साहित्य एकत्र आले, की तिच्या व्यवस्थेचा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा राहत नाही. कोणाची कला चालू राहणार आणि कोणाची हळूहळू बंद पडणार, हे त्यावर ठरू लागते.

बँकेची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. धारवाडला असताना मी कर्नाटकी कशिदा शिकले. कापडाचे धागे मोजून घातला जाणारा, कोठेही गाठ न मारता पुढे जाणारा हा कशिदा. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी या चार टाक्यांतून त्यात गोपुरे, रथ, तुळशीवृंदावने उभी राहतात. पुढे बडोद्याला बदली झाली आणि सासरे गेल्यानंतर सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहावयास आल्या. त्यांच्यासमवेत त्यांची गोधडीची विद्या आली आणि जुन्या लुगड्यांची, धोतरांची, साड्यांची एकूण अकरा गाठोडी आली. बाय दहा गुणिले दहा फुटांच्या खोलीत माझे दोरे व कापडे, त्यांची गाठोडी, मुलीच्या शाळेचे रंग व पुठ्ठे आणि पाहुण्यांसाठी एक दिवाण असा संसार मांडला गेला.

पहिले काही महिने सासूबाईंनी सुईला हात लावला नाही. कारण विचारले, तर “तुझं सामान हलवावं लागतं गं, उगीच कशाला,” एवढेच उत्तर. जागा कमी आहे, असा आपला समज असतो. पण सामायिक खोलीत खरी टंचाई असते ती न विचारता काम सुरू करण्याच्या मुभेची. दरवेळी दुसऱ्याची परवानगी घ्यावी लागली, की छंद असो वा कसब, ते मागे पडते. त्यातून वडीलधारे माणूस असेल तर ते विचारतच नाही, गप्प राहते.

बँकेत संयुक्त खाते उघडताना आम्ही प्रथम विचारतो तो प्रश्न येथे लागू पडतो. व्यवहार कसा करावयाचा? दोघांच्या सहीने, की दोघांपैकी कोणाही एकाच्या? रोकड ठेवलेल्या तिजोरीला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या असतात, आणि ते योग्यच आहे. घरातील शिवणाच्या खोलीला मात्र ती शिस्त जाचक ठरते. तेथे ‘दोघांपैकी कोणीही’ हीच सूचना हवी. त्यासाठी खोलीतील सामानाचे तीन भाग आधी ठरवून घ्यावेत. माझे, तुमचे आणि दोघींचे. कात्र्या, मोजपट्टी, इस्त्री, टाचण्या, पांढरा व काळा दोरा हे सामायिक. माझ्या सहा पदरी रंगीत लड्या माझ्या, आणि गोधडीच्या लांब सुया व जाड दोरा त्यांचा. ज्याच्या त्याच्या कप्प्याला दुसऱ्याने हात लावावयाचा नाही, आवरण्याच्या सद्हेतूनेही नाही. माझ्या मते सामायिक घरांतील निम्मी धुसफूस परोपकारी आवराआवरीतून जन्मते.

यानंतर जमिनीचा विचार. डबे, मांडण्या, खण यांची खरेदी करण्याची घाई आपल्याला फार असते. परंतु गोधडी टेबलावर होत नाही. साधारण चार गुणिले सहा फुटांची गोधडी घालावयाची, तर खालचा पदर अंथरून त्यावर आतले थर एकही सुरकुती न राहता पसरावे लागतात आणि वरचा पदर घालून कच्चे टाके मारावे लागतात. भोवती बसावयास जागा लागते ती वेगळीच. म्हणून या खोलीतील सर्वांत मौल्यवान माल म्हणजे मोकळी फरशी, असे आम्ही ठरवले आणि सगळे सामान भिंतींवर व दिवाणाखाली नेले. कच्चे टाके पडले की गोधडी गुंडाळता येते, कोणत्याही पाहुण्याच्या आगमनापूर्वी पाव तासात खोली रिकामी होते. आवरायला याहून अधिक वेळ लागत असेल, तर कोठेतरी मांडणी चुकली आहे असे समजावे.

यानंतरच मोजदाद. कॅश क्रेडिटचे कर्ज घेणारा व्यापारी बँकेला नियमितपणे मालसाठ्याचे विवरणपत्र देतो. त्यात किती माल आहे, त्याचा भाव काय, पडून राहिलेला कोणता, हे सारे येते. न खपणारा माल आम्ही उचल-मर्यादेच्या हिशेबात धरत नाही. हेच विवरणपत्र घरी एकदा करून पाहावे. भरतकामाच्या दोऱ्याची साधारण लडी आठ मीटरची असते आणि तिच्या कागदी पट्टीवर रंगाचा क्रमांक छापलेला असतो. ही पट्टी फाडून फेकली, की तोच रंग पुन्हा आणणे हा नशिबाचा भाग होतो. लड्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळून प्रत्येकावर क्रमांक लिहिला आणि वहीत नोंद केली, म्हणजे घरात चार लड्या असताना पाचवी आणली जात नाही. एम.कॉम.ला आम्ही ए-बी-सी विश्लेषण शिकलो होतो. थोड्या वस्तूंत जास्त पैसा गुंतलेला असतो, त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवावे, असे त्याचे सार. इरकली कापड, रेशीम, जर यांची तपशीलवार नोंद ठेवावी. बटणे, नाड्या, मणी यांची मूठभर इकडेतिकडे झाली तरी वहीत उतरवण्याचे कारण नाही.

साहित्य टिकवण्याबाबत थोडे विस्ताराने लिहिते, कारण नुकसान सर्वाधिक तेथेच होते. दोऱ्याचा शत्रू ऊन. काचेच्या बरणीत खिडकीपाशी मांडलेल्या लड्या सुंदर दिसतात आणि काही महिन्यांत फिक्या पडतात. झाकणाचा, उजेड न जाणारा डबा बरा. सुईचा शत्रू दमट हवा. पावसाळ्यात फोमच्या गादीत खोचून ठेवलेल्या सुयांना गंज धरतो आणि गंजाचा डाग पांढऱ्या कापडावरून सहजी जात नाही. कोरड्या फ्लॅनेलच्या तुकड्यात खोचून, त्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरून त्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. नव्या बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डबीत टाकता येतात, मात्र त्या ओल शोषून भरल्या की निरुपयोगी होतात आणि बदलाव्या लागतात. भरतकाम अर्धवट असताना कापड रिंगमध्ये ताणून ठेवून देऊ नये. गोल सुरकुती आणि मळाची रेघ दोन्ही कायमच्या बसतात.

कापडाचा शत्रू कसर. तिला खळ प्रिय असते, तेव्हा साठवणीचे सुती कापड खळ धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावे. डांबराच्या गोळ्यांची आपल्याकडे सवय आहे, परंतु ज्या खोलीत माणसे झोपतात तेथे त्या नकोत. त्यांची वाफ श्वासावाटे जाणे अपायकारक आहे. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर, विशेषतः जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असल्यास, त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. गोधडीवाल्या घरात बाळांची दुपटीही शिवली जातात, हे ध्यानात ठेवावे. सुकवलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवावेत. वर्षातून दोनदा कापडे उलगडून घड्या बदलणे हा उपाय तर बिनखर्चाचा. जरीचे वस्त्र मऊ सुती फडक्यात गुंडाळावे. टर्पेंटाइन, थिनर यांसारख्या पेट घेणाऱ्या वस्तू निजण्याच्या खोलीत ठेवूच नयेत; मुलीच्या रंगांतून आम्ही त्या अगदी प्रथम बाहेर काढल्या.

सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीसाठी मांडणीचे गणित वेगळे असते. रोज लागणारी वस्तू कंबर आणि खांदा यांच्या दरम्यान असावी. वाकावे लागेल किंवा स्टुलावर चढावे लागेल अशा ठिकाणी त्यांचे काहीही ठेवू नये. डब्यावरची चिठ्ठी मराठीत, ठळक अक्षरांत आणि झाकणावर न लावता समोरच्या बाजूस लावावी. झाकणे अदलाबदल होतात, डबे होत नाहीत. सुईत दोरा ओवण्याचा प्रश्न आमच्याकडे मुलीने सोडवला. शाळेला जाण्यापूर्वी ती दहा सुया ओवून ठेवते आणि आजीची दिवसाची बेगमी होते.

दोघींच्या सामायिक डब्यात एक चिंध्यांचा डबा आहे. उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया गोधडीसारखी ‘कवंडी’ शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या रंगीत कापडाची फुले बसवतात. हे मी सासूबाईंना सांगितले, तेव्हापासून माझ्या कशिद्यातील उरलेले तुकडे त्या हक्काने नेतात. मी जे टाकून दिले असते, ते त्यांच्या गोधडीच्या कोपऱ्यात जाते.

छंदातून चार पैसे मिळू लागले असतील, तर विक्रीच्या मालाचे साहित्य घरच्या साहित्यापासून वेगळे ठेवावे आणि त्याचे खातेही वेगळे असावे. आपण घातलेले पैसे आणि मिळवलेले पैसे एकाच बटव्यात राहिले, की नफा कधीच दिसत नाही. पुढे कर्जाची गरज भासल्यास, २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटाखाली ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. शाखेत येताना ही साठ्याची वही बरोबर आणावी. अशी नोंद ठेवणारा ग्राहक समोर आला, की अधिकाऱ्याचे अर्धे काम झालेले असते.

आता अकरा गाठोड्यांविषयी. विवरणपत्राच्या शिस्तीने पाहिले, तर तो बहुतांशी पडून राहिलेला माल होता. बहुतेक मार्गदर्शक लेख येथे सांगतात, की वर्षभर न वापरलेले टाकून द्यावे. गोधडीला हा नियम लागूच होत नाही. वापरून वापरून मऊ झालेले कापड हाच तिचा कच्चा माल, आणि लुगडे जितके जुने तितके बाळाच्या अंगाला सुखद. आम्ही दोघींनी एकेक गाठोडे फरशीवर उलगडले. प्रत्येक वस्त्र कोणाचे, हे त्या सांगत गेल्या आणि मुलगी लिहीत गेली. फाटून विरलेली कापडे फरशी पुसण्यास गेली, तीही त्यांच्याच हाताने. सात गाठोड्यांतून गोधड्या व्हावयाच्या असे ठरले, त्यांवर क्रमांक पडले. तीन आटोपली. शेवटचे एक त्यांनी उलगडू दिले नाही. त्यात सासऱ्यांची धोतरे व सदरे होते. “याची गोधडी नाही व्हायची,” त्या म्हणाल्या.

बँकेत ‘सेफ कस्टडी’ नावाची एक सेवा आहे. ग्राहक मोहोरबंद पाकीट आणून देतो, बँक पावती देते आणि ते जसेच्या तसे जपते. आत काय आहे, हे बँक विचारत नाही. कपाटाचा सर्वांत वरचा कप्पा मी त्या गाठोड्याला दिला आणि मुलीने आजीला रीतसर पावती लिहून दिली, ‘एक गाठोडे, बांधलेले’, खाली तारीख व सही. सासूबाई ती आपल्या पासबुकाच्या कव्हरात ठेवतात. पावसाळा सरला, की माझे यजमान गाठोडे खाली उतरवून देतात. त्या दुपारी आपल्या हाताने ते सोडतात, कपडे गच्चीवर उन्हात घालतात, संध्याकाळी वेखंडाची नवी पुरचुंडी आत ठेवून पुन्हा बांधतात आणि नातीकडून पावतीवरची तारीख बदलून घेतात.