दोन धावते फॉरवर्ड : खडकीचा धनराज आणि लायलपूरचा शाहबाज

१६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळच्या खडकीत धनराज पिल्ले जन्मला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला पाकिस्तानातल्या लायलपुरात, म्हणजे आजच्या फैसलाबादमध्ये, शाहबाज अहमद जन्मला. दोघांच्या वयात जेमतेम दीड महिन्याचं अंतर. दोघंही फॉरवर्ड. चेंडू स्टिकला जणू चिकटवून वाऱ्यासारखं धावायचं आणि समोरच्या दोघा-तिघांना चकवून डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरायचं, ही दोघांचीही खासियत. १९९० च्या दशकात आशियाई हॉकी म्हटलं की जगाला हीच दोन नावं आठवत. पण एकाच्या गळ्यात विश्वचषकाचं सुवर्णपदक पडलं, आणि दुसरा चार ऑलिंपिक व चार विश्वचषक खेळूनही त्या स्पर्धांमधून रिकाम्या हातांनी परतला. असं का झालं, हे शोधायला गेलं की दोन देशांच्या हॉकीची अर्धी गोष्ट हाती लागते.

खडकीची ओळख लष्करी छावणीची. इथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच्याभोवती कामगारांच्या वसाहती वसल्या आणि तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी बोलणारी घरं भिंतीला भिंत लावून राहू लागली. धनराजचे वडील नागलिंगम पिल्ले इथल्याच क्रीडा क्लबच्या मैदानाची देखभाल करत. घरात पैसा नव्हता, मुलं बरीच होती आणि मैदान दाराशी होतं. मोठ्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिका दोरीने बांधायच्या आणि फेकलेल्या चेंडूंवर खेळायचं, अशी या भावंडांची सुरुवात झाली. आई अंदलम्मांनी मुलांना खेळापासून कधी ओढून नेलं नाही. पुढे २००७ मध्ये संदीप मिश्रांनी लिहिलेलं धनराजचं चरित्र आलं, त्याच्या नावातही ही आईच आहे : ‘फरगिव्ह मी अम्मा’.

घरात तमिळ, गल्लीत मराठी, मैदानावर हिंदी. बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातल्या औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दख्खनी बोलत वाढलेली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं आहेत. धनराज तमिळ घरातला म्हणून त्याला मराठी मुलखाचा मानायला बिचकणारे लोक भेटतात. ते चूक आहेत. ज्या मातीत तो पडला, उठला आणि चेंडू पळवायला शिकला ती माती खडकीची होती, आणि पुढे त्याला घडवलं ते मुंबईने.

मुंबईला तो आला थोरला भाऊ रमेशमुळे. रमेश राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून, म्हणजे आरसीएफकडून, खेळत होता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर धनराज भावाकडे राहायला आला. मुंबईच्या हॉकीला तेव्हा कंपन्यांच्या संघांचा आधार होता. महिंद्र, आरसीएफ, एअर इंडिया यांच्याकडे नोकऱ्या असत, संघ असत आणि वर्षभर सामने असत. आगाखान चषकासारखी १८९६ पासूनची स्पर्धा याच शहरातली. धनराज महिंद्रच्या संघात गेला आणि तिथे ऑलिंपिकपटू जोकिम कार्व्हालो यांचं मार्गदर्शन त्याला मिळालं. त्याचा आदर्श होता वाराणसीचा मोहम्मद शाहिद, चेंडूवर विलक्षण हुकूमत असलेला फॉरवर्ड. १९८९ च्या अखेरीस धनराज भारतीय संघात आला. त्याच डिसेंबरमध्ये दिल्लीत आशिया चषक झाला आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला २-० असं हरवलं. त्याची कारकीर्द सुरू झाली तीच पाकिस्तानविरुद्धच्या पराभवाने.

शाहबाज तोवर प्रस्थापित झाला होता. १९८६ पासून तो पाकिस्तानकडून खेळत होता. १९९० च्या फेब्रुवारीत लाहोरला विश्वचषक झाला, तेव्हा धनराज आणि शाहबाज पहिल्यांदा एकाच विश्वचषकात उतरले. काश्मीर पेटलेलं होतं. भारतीय संघाला लाहोरच्या प्रेक्षकांनी हुर्यो देत छळलं. भारत दहावा आला. पाकिस्तान घरच्या मैदानावर अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून ३-१ असा हरला, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू शाहबाजच ठरला. चार वर्षांनी सिडनीत तो कर्णधार होता. अंतिम सामना पुन्हा नेदरलँड्सशीच झाला, १-१ बरोबरीत सुटला, आणि टायब्रेकरमध्ये गोलरक्षक मन्सूर अहमदने पाकिस्तानला चौथा विश्वचषक मिळवून दिला. सर्वोत्तम खेळाडूचा मान पुन्हा शाहबाजला मिळाला. सलग दोन विश्वचषकांत हा मान मिळवणारा तो पहिलाच. ‘हॉकीचा मॅराडोना’ हे नाव त्याला उगाच चिकटलं नव्हतं.

त्या सिडनीत भारत पाचवा आला होता.

मग धनराज शाहबाजपेक्षा उणा होता का? दोघांचा खेळ पाहिलेला कुणी जाणकार असं म्हणणार नाही. फरक होता तो आजूबाजूच्या संघाचा. शाहबाजला मागच्या पिढीने उभारलेली आघाडीची परंपरा मिळाली. १९८२ मध्ये मुंबईतच झालेला विश्वचषक पाकिस्तानने जिंकला, तो हसन सरदार, समीउल्ला, कलीमउल्ला, हनीफ खान आणि मंझूर ज्युनियर या आघाडीच्या बळावर. एकट्या हसन सरदारने ११ गोल केले. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीचा ३-१ असा पाडाव झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताची ७-१ अशी धूळधाण झाली. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सुवर्णही पाकिस्तानचंच. शाहबाजच्या पिढीने हे सगळं शाळकरी वयात पाहिलं. धनराजच्या पिढीने मात्र त्याच काळात भारतीय हॉकीची घसरण पाहिली.

खेळही बदलला होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम टर्फ आलं. गवतावर चेंडू उडतो, अडतो, आणि तिथे मनगटाची नजाकत चालते. टर्फवर चेंडू सरळ आणि जोरात येतो. तिथे दमसास आणि लांब पास जिंकतात. दोन्ही देशांत टर्फ फार थोडी होती आणि मुलं ऐन विशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा त्यावर पाय ठेवत. १९९० च्या दशकातच ऑफसाइडचा नियम गेला. त्यामुळे गोलजवळ दबा धरून उभं राहणं सोपं झालं, आणि चेंडू घेऊन चाळीस-पन्नास यार्ड धावणाऱ्या फॉरवर्डची गरजच संपली असं युरोपातले प्रशिक्षक म्हणू लागले. धनराज आणि शाहबाज यांनी या काळात तीच जुनी धाव नव्या टर्फवर, नव्या वेगाने जिवंत ठेवली, हे त्यांचं सर्वांत मोठं काम आहे. ते पदकांच्या यादीत दिसत नाही.

गोलांच्या यादीतही दिसत नाही. धनराज ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळला, हा आकडा सगळीकडे सापडतो. गोल किती, असं विचारलं की सुमारे १७० असं उत्तर मिळतं. ‘सुमारे’ अशासाठी की तेव्हाच्या भारतीय हॉकी महासंघाने गोलांची विश्वासार्ह नोंदच ठेवली नाही. पंधरा वर्षं देशासाठी धावलेल्या माणसाचे गोल मोजायला वही नसावी, याची चीड यायलाच हवी. शिवाय फॉरवर्डची किंमत नुसत्या गोलांवर ठरतही नाही. पाकिस्तानचा सोहेल अब्बास हा बचावपटू ३४८ गोल करून जगात सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोलांचा मानकरी ठरला. त्याचं हत्यार होतं पेनल्टी कॉर्नरवरची ड्रॅग फ्लिक. पण कॉर्नर मिळायला आधी कुणीतरी डीमध्ये घुसून बचावपटूची चूक घडवून आणावी लागते. ते काम फॉरवर्डचं, आणि त्याची नोंद कोणत्याच गुणफलकावर होत नाही.

धनराजचं शिखर आलं १९९८ च्या डिसेंबरात, बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत. तो कर्णधार होता. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली आणि टायब्रेकरमध्ये कर्नाटकाचा आशिष बल्लाळ गोलमध्ये भिंतीसारखा उभा राहिला. भारताला आशियाई सुवर्ण मिळालं ते तब्बल ३२ वर्षांनी. त्याआधीचं, १९६६ चं सुवर्णही बँकॉकलाच मिळालेलं होतं. देशभर आनंद झाला. आणि मग जे घडलं ते भारतीय खेळांच्या इतिहासातल्या सर्वांत लाजिरवाण्या प्रकरणांपैकी एक आहे. १९९९ च्या सुरुवातीला पाकिस्तानविरुद्ध कसोटी मालिका होती. त्यासाठी संघ निवडला तेव्हा कर्णधार धनराज नव्हता, टायब्रेकरचा नायक बल्लाळ नव्हता, आणखीही ज्येष्ठ खेळाडू नव्हते. प्रशिक्षक एम. के. कौशिकही गेले. खेळाडूंना विश्रांती दिली, असं महासंघाने सांगितलं. खेळाडूंचं म्हणणं होतं की मानधन आणि भत्त्यांबद्दल तोंड उघडल्याची ती शिक्षा होती. ती मालिका पाकिस्तानने जिंकली.

धनराज शांत बसणारा नव्हता. तो बोलायचा, भांडायचा, मैदानावर रडायचाही. हट्टी आणि तापट अशी त्याची ख्याती झाली, आणि तिच्यात तथ्यही आहे. पण सुवर्ण जिंकून आलेल्या माणसांना घरी बसवणाऱ्या व्यवस्थेत जो गप्प राहिला असता, तो धनराज झालाच नसता. १९९९-२००० चा राजीव गांधी खेलरत्न त्याला मिळाला, संघातही तो परतला. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीसाठी पोलंडला हरवणं पुरेसं होतं. भारत १-० ने पुढे होता. शेवटच्या दोन मिनिटांच्या आत पोलंडने बरोबरी साधली आणि दार बंद झालं. धनराज धाय मोकलून रडला. सातवा क्रमांक मिळाला.

यानंतर तो संपला असं अनेकांनी गृहीत धरलं होतं. पण २००२ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, कलोनच्या चँपियन्स करंडकात तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. भारत मात्र तिसऱ्या क्रमांकासाठी पाकिस्तानशी ३-४ असा हरला. त्याच वर्षी बुसानला आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात भारताने पाकिस्तानला ४-३ असं हरवून हिशेब चुकता केला, पण अंतिम सामना कोरियाने त्याच फरकाने नेला. २००३ च्या ॲमस्टेलव्हीनच्या चँपियन्स करंडकात भारताने पिछाडीवरून पाकिस्तानवर ७-४ असा विजय मिळवला. आणि सप्टेंबर २००३ मध्ये क्वालालंपूरला, पस्तिशीतल्या धनराजच्या नेतृत्वाखाली, भारताने पाकिस्तानला ४-२ असं हरवून पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. ज्या चषकाच्या अंतिम सामन्यात १९८९ ला पराभव पाहिला होता, तोच चषक त्याच प्रतिस्पर्ध्याकडून घेतला. त्याच वर्षी हैदराबादला आफ्रो-आशियाई स्पर्धा झाली, तिथेही अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवून भारताने सुवर्ण मिळवलं. बिदरकरांना आजही बंगळूरपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. तो सामना म्हणजे आपल्या अंगणात झालेलाच म्हणायचा.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर तो थांबला. १९९२, १९९६, २०००, २००४ अशी चार ऑलिंपिक. १९९० पासून २००२ पर्यंतचे चार विश्वचषक. तेवढ्याच आशियाई स्पर्धा आणि तेवढेच चँपियन्स करंडक. असा चौकार त्याआधी कुणी मारला नव्हता.

शाहबाजची पुढची वाट निराळी. तो पाकिस्तान हॉकी महासंघाचा सरचिटणीस झाला, आणि खेळाडू असताना न दिसलेली दुरवस्था त्याला खुर्चीतून दिसली. २०१८ च्या भुवनेश्वर विश्वचषकाला संघ पाठवायला पैसे जुळवताना महासंघाची दमछाक झाली. त्याच वर्षी मे महिन्यात, १९९४ चा तो गोलरक्षक मन्सूर अहमद कराचीत हृदयविकाराने गेला. जाण्यापूर्वी त्याने उपचारांसाठी भारताकडे मदतीची हाक दिली होती, आणि इथून ती देण्याची तयारीही दाखवली गेली होती. चार विश्वचषक जिंकलेला पाकिस्तान २०१६, २०२० आणि २०२४ अशा सलग तीन ऑलिंपिकना पात्र ठरला नाही. भारताने टोकियो आणि पॅरिसला कांस्य मिळवलं. एकाच शैलीतून आलेल्या दोन देशांमधली ही आजची दरी फॉरवर्डांच्या गुणवत्तेमुळे पडलेली नाही. ती टर्फ, पैसा आणि कारभार यांनी पडली आहे. पाकिस्तानच्या दुरवस्थेवर खूश होण्याचं कारण नाही. लाहोर आणि मुंबई यांच्यातली स्पर्धा गेली की या खेळाचा अर्धा प्राण जातो.

निवृत्तीनंतरही धनराजची स्टिक सुटली नाही. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो कर्नाटक लायन्सकडून मैदानात उतरला. महाराष्ट्रात घडलेला माणूस कर्नाटकाच्या नावाचा शर्ट घालून खेळला आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

कर्नाटकाची हॉकी म्हटलं की लोक कोडगूकडे बोट दाखवतात. ते रास्तच आहे. पण खडकीकडे तरी काय होतं? कारखान्याच्या कडेचं एक मैदान, त्याची निगा राखणारा एक माणूस, आणि मोठ्यांच्या मोडक्या स्टिका. त्याच खडकीतून पुढे विक्रम पिल्लेही भारताकडून खेळला. शहाबाद आणि वाडी इथे सिमेंट कारखान्यांच्या वसाहती आहेत, बिदरला हवाई दलाचा तळ आहे, तालुक्यांच्या गावी क्रीडांगणं आहेत. या दिवाळीत शाळांच्या मुख्याध्यापकांना, कारखान्यांच्या व्यवस्थापनांना आणि बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा खात्यांना आमची विनंती आहे : आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एक मैदान हॉकीसाठी राखून ठेवा, वीस स्टिका विकत घ्या, आणि चौदा-पंधराव्या वर्षी त्यातल्या धावऱ्या मुलामुलींना एकदा तरी हैदराबादच्या किंवा बंगळूरच्या टर्फवर खेळायला घेऊन जा.