सासर, माहेर आणि सामन्याचा पांचवा दिवस

क्रिकेटचा सामना पाहावयास जाणें हा आमच्या गिरगांवांतील घरांत आजवर केवळ पुरुषांचा कुळाचार होता. पुरुषांनीं सामना पाहावा व बायकांनीं डबा भरून द्यावा, ही वांटणी कोणी व केव्हां केली हें कोणास ठाऊक नाहीं. पण ती सोंवळ्याइतकी कडक पाळली जात असे. जागांच्या वाटपावरून ब्रेबर्न मैदानाच्या चालकांशीं तंटा झाल्यामुळें मुंबईच्या क्रिकेट संघटनेनें जवळच वानखेडे मैदान बांधिलें, आणि १९७५ च्या जानेवारींत तेथें पहिला कसोटी सामना झाला. त्यांत क्लाइव्ह लॉइड यानें नाबाद २४२ धावा केल्या. ती. बाबा त्या सामन्यास गेले होते. त्या खेळीचें वर्णन आम्हीं त्यांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकिलें आहे कीं, ती आपणच पाहिली असा भास व्हावा! मात्र त्या दिवशीं डब्यांत काय होतें तें फक्त आईस आठवतें. मैदान घरापासून पायीं अर्ध्या तासाच्या वाटेवर. परंतु पुढील ४९ वर्षांत तिनें त्याच्या आंत पाऊल टाकिलें नव्हतें.

हा कुळाचार मोडला तो आमच्या धाकट्या सूनबाईमुळें. तिचें माहेर नागपूर. २०२४ च्या मार्च महिन्यांत रणजी करंडकाचा अंतिम सामना वानखेडेवर मुंबई व विदर्भ यांच्यामध्यें झाला. महाराष्ट्रांतलेच दोन संघ अंतिम सामन्यांत समोरासमोर यावे हा योग १९७१ नंतर प्रथमच आला होता. विदर्भाचा पहिला डाव अवघ्या १०५ धावांत आटोपला, तेव्हां बाबांनीं जेवतांना नागपूरच्या संत्र्यांवरून कांहींसा बोचरा विनोद केला. सर्व हंसले. सूनबाई वाढीत राहिली. सासरच्या माणसांच्या विनोदाला उत्तर देऊं नये, हें आपल्याकडे मुलींना न शिकवितांच येतें. तें चांगलें कीं वाईट, याचा विचार मीं तरी त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

मुंबईनें दुसऱ्या डावांत ४१८ धावा केल्या. त्यांत मुशीर खान या कोवळ्या पोराच्या १३६. विदर्भापुढें ५३८ धावांचा डोंगर उभा राहिला. चौथ्या दिवसाअखेर पांच गडी गमावून त्यांच्या २४८ धावा झाल्या होत्या. त्या रात्रीं पानें वाढून झाल्यावर सूनबाई शांतपणें म्हणाली, “बाबा, उद्यां मी सामना पाहायला जाणार आहे. आपण नेलें तर बरें. नाहीं तर एकटी जाईन.” क्षणभर कोणी घांस उचलला नाहीं. इतक्यांत आई म्हणाली, “मीही येतें.”

बाबांनीं तिच्या गुडघ्यांचें कारण काढिलें. त्यावर तिचें उत्तर तयारच होतें. “सचिनची आई चाकांच्या खुर्चीवरून आलीच ना याच मैदानांत? तेव्हां टीव्हीसमोर डोळे पुसले ते तुम्हींच!” हें खरें होतें. २०१३ च्या नोव्हेंबरांत तेंडुलकरनें आपला शेवटचा कसोटी सामना आईला पाहतां यावा म्हणून मुद्दाम मुंबईस मागून घेतला होता. इतकीं वर्षें खेळून, मुलाचा खेळ प्रत्यक्ष मैदानांत पाहण्याची त्या माउलीची ती पहिलीच वेळ!

तात्पर्य, १४ मार्चला चूल बंद ठेवून आम्ही सातजण निघालों. आईला धरून एकेक पायरी चढविण्यांत पहिलीं दोन षटकें गेलीं. हिरवळ दृष्टीस पडतांच ती थबकली व एवढेंच म्हणाली, “टीव्हींत इतकी मोठी दिसत नाहीं.”

पहिल्या सत्रांत एकही गडी बाद झाला नाहीं. विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर व हर्ष दुबे हे दोघे असे कांहीं चिकटून खेळले कीं, बाबांचें बोलणें हळूहळू कमी होत गेलें. आईला गोलंदाजी कळेना. पण यष्टीमागचा माणूस प्रत्येक चेंडूला उठतो-बसतो, याचेंच तिला मोठें नवल! “याच्या गुडघ्यांचें काय होत असेल?” हा तिचा प्रश्न मला क्रिकेटवरील पुष्कळशा पांडित्यापेक्षां अधिक मार्मिक वाटला.

उपाहारानंतर वाडकरचें शतक पुरें झालें. सूनबाई टाळ्या वाजवूं कीं नको अशा संकोचांत असतांना बाबा उठून उभे राहिले व त्यांनीं दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजविल्या. मग तीही उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतें. तें शतकामुळें नव्हतें, इतकें मलाही कळलें.

पुढें सर्व झटपट घडलें. १३० धावांची ती भागी तुटली. १०२ वर वाडकरला तनुष कोटियननें पायचीत केलें. शेवटचे पांच गडी केवळ १५ धावांत गेले. ३६८ वर डाव संपला आणि १६९ धावांनीं सामना जिंकून मुंबईनें आठ वर्षांनंतर आपला ४२ वा करंडक मिळविला. अखेरचा गडी धवल कुलकर्णीचा. हा त्याचा शेवटचा सामना, म्हणून रहाणेनें चेंडू त्याच्या हातीं दिला होता आणि त्यानें उमेश यादवचा त्रिफळा उडविला. सारें मैदान ओरडत होतें. आमच्या ओळींत मात्र बाबा सूनबाईला, “चिवट आहेत हो तुमचे लोक!” असें म्हणाले. ‘तुमचे’ हा शब्द घरांत तिला पूर्वींही ऐकावा लागला होता. पण त्याचा सूर त्या दिवशीं निराळा होता.

पुढच्याच वर्षीं, २०२५ च्या फेब्रुवारींत, विदर्भानें नागपुरास उपांत्य सामन्यांत मुंबईचा ८० धावांनीं पराभव केला व पुढें केरळाविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडकही नेला. उपांत्य सामन्याचा निकाल कळतांच बाबांनीं व्याह्यांना आपण होऊन फोन केला. आतां पुढचा सामना नागपुरास पाहावयाचा, असें आईनें ठरविलें आहे. डब्याची गोष्ट अद्याप कोणीं काढलेली नाहीं.