जुन्या गाडीला सीटबेल्ट बसवताना

सीटबेल्ट किती भरवशाचा, हे तो ज्या पत्र्याला बसवलेला असतो त्यावर ठरते. पट्टा बाजारात नवा मिळतो, पत्रा मात्र गाडीचे वय सांगतो.

पुढच्या आसनांना बेल्ट देण्याचे बंधन भारतात वाहन उत्पादकांवर १९९४ पासून आले, मागच्या आसनांसाठी ते त्याहून उशिरा. त्यामुळे जुन्या फियाट, अॅम्बॅसडर आणि जीप गाड्यांत बेल्ट बहुधा नसतात. नियमाने ज्या गाडीत बेल्ट द्यावाच लागत नव्हता, तिच्यात तो लावण्याची सक्तीही नाही. रस्ता मात्र अशी सवलत देत नाही. बंगळुरूच्या उत्तरेला येलहंक्यावरून जाणारा बळ्ळारी रस्ता २००८ मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यावर वेगवान वाहतुकीचा झाला. चाळीस वर्षांपूर्वीची जीप तिथे आजच्या वेगाच्या वाहनांमध्ये चालते. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट हवाच, हे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या अपघाती मृत्यूने देशाला दाखवून दिले.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर ६० किलो वजनाच्या माणसाला रोखण्यासाठी सुमारे १,२०० किलो वजनाइतका जोर लागतो. तो सारा दोन-तीन बोल्टांवर येतो. साधे वॉशर लावून पातळ पत्र्याला आवळलेला बोल्ट अशा वेळी पत्रा फाडून बाहेर येतो.

म्हणून पहिले काम तपासणीचे. मॅट आणि रबर काढून तळाचा पत्रा उघडा करावा आणि पेचकसाने टोचून पाहावा. गंजाने पोखरलेला भाग पुट्टी आणि रंगाखाली सहज लपतो. तसा पत्रा कापून त्या जागी नवा वेल्ड करावा, वरून पट्टी ठोकून भागत नाही. काही गाड्यांत उत्पादकानेच बेल्टसाठी आटे पाडलेली भोके सोडलेली असतात. ती असतील तर तीच वापरावीत. नसतील, तर पत्र्याच्या खालून पोलादी आधारपट्टी द्यावी लागते. मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ती किमान ३ मिलिमीटर जाड आणि ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची सांगितली आहे. घरच्या गाडीसाठीही हे माप धरावे. बोल्ट बेल्टसाठीचाच, उच्च ताकदीचा, साधारणपणे ७/१६ इंची असतो. हार्डवेअरच्या दुकानातला कोणताही बोल्ट चालत नाही. भोक पाडण्यापूर्वी खालून इंधनाची टाकी, ब्रेकची नळी किंवा वायर जात नाही ना, हे पाहावे.

जागा चुकली तर मजबूत बेल्टही इजा करतो. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कटीच्या हाडावर बसला पाहिजे. म्हणून त्याची टोके आसनाच्या मागच्या बाजूला खाली असतात. खांद्याचा पट्टा खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वर बांधावा. तो फार खाली बांधला तर धडकेत पाठीचा कणा दाबला जातो. उघड्या जीपला मागचा खांबच नसतो, आणि कापडी छताच्या नळ्या हा भार पेलत नाहीत. तिथे चासीला नीट जोडलेला रोलबार नसेल, तर फक्त कमरेचा पट्टा घ्यावा. त्याने छाती आणि डोक्याला संरक्षण मिळत नाही, पण माणूस बाहेर फेकला जात नाही. पट्टा गुंडाळणारी डबी कंपनीने सांगितलेल्या कोनातच बसवावी, कारण धक्का ओळखणारा तिचा भाग तिरका झाला तर पट्टा वेळी-अवेळी अडकतो किंवा अडकायला हवा तेव्हा अडकत नाही. बाजूला तोंड करून बसायच्या आडव्या बाकांवर तीन टोकांचा बेल्ट लावू नये, तो मानेवर येतो.

आसनाचेही तसेच. दुसऱ्या गाडीचे आसन घेताना रुळाची भोके जुळत नाहीत, म्हणून गॅरेजमध्ये पट्ट्या वेल्ड करून ते उभे केले जाते. अशा आसनाला बेल्ट बांधणे धोक्याचे. धडकेत आसन माणसासकट सुटते. मुळातच आसनावर बेल्ट असणारी रचना नसेल, तर बेल्ट तळाला किंवा खांबालाच बांधावा. भंगारातला पट्टा घेऊ नये. तो कोणत्या अपघातातून आला ते कळत नाही, आणि एकदा ताणलेला पट्टा पुन्हा तसाच काम देईल याची खात्री नसते.

नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे करता येत नाही. आसनसंख्या बदलत असेल तर आधी आरटीओत विचारावे. येलहंक्याच्या केए-५० क्रमांकाच्या वाहनांसाठी ते तिथल्याच कार्यालयात होते. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार ती मूळ स्वरूपात असावी लागते. अशा गाडीत नवे भोक पाडण्याआधी आरटीओचे उत्तर लेखी घ्यावे.