वय वर्षे अठराच्या पुढे

खेळण्यांच्या दुकानात लेगोच्या मांडणीपाशी गेलं की रंगीबेरंगी खोक्यांच्या शेजारी हल्ली काही काळे खोकेही दिसतात. त्यांच्यावर आयफेल टॉवर असतो, टायटॅनिक असते, नाही तर ऑर्किडची कुंडी. आणि एका बाजूला आकडा असतो: १८+. कंपनीने हा आकडा छापायला २०२० साली सुरुवात केली. त्याच्या किती तरी आधीपासून जगभरातली मोठी माणसं हेच ठोकळे घेऊन रात्री जागवत होती, एकमेकांना शोधून काढत होती, सिएटल, शिकागो, कोबे अशा शहरांत स्वतःचे मेळावे भरवत होती. स्वतःला ती 'एफोल' म्हणवतात, म्हणजे लेगोचे प्रौढ चाहते. लहानपणी खेळलेले हे लोक मधली काही वर्षं ठोकळ्यांना शिवतही नाहीत. त्या काळाला त्यांच्या बोलीत 'डार्क एज' म्हणतात. मग नोकरी लागते, घर होतं, कधी स्वतःच्याच मुलासाठी खोका आणला जातो आणि मूल झोपल्यावरही बाप उठत नाही.

त्यांच्याकडे कौतुकाने किंवा किंचित कीव करून बघितलं जातं, 'अजून लहानच आहे' असं म्हटलं जातं. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. हा माणूस बालपणात परत गेलेला नसतो. त्याला एक काटेकोर माध्यम सापडलेलं असतं आणि त्या माध्यमाचा तो कारागीर असतो. लेगोच्या गेल्या तीस वर्षांच्या इतिहासातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी या कारागिरांकडून आल्या आहेत.

ठोकळ्याचा जन्म डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा. ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली तिथे लाकडी खेळणी करायला घेतली. प्लास्टिक साच्यात ओतणारं यंत्र १९४७ साली आलं आणि १९४९ साली पहिले ठोकळे निघाले. त्यांची मूळ कल्पना किडीक्राफ्ट या इंग्रजी खेळण्यावरून घेतलेली होती. पण ते ठोकळे आतून पोकळ होते आणि रचलेलं सहज निसटायचं. ओलेंचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी पोकळीत नळ्या बसवल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. माथ्यावरचा गोल उंचवटा, म्हणजे स्टड, खालच्या नळ्यांमध्ये आवळून बसू लागला. तेव्हापासूनचा ठोकळा आज कारखान्यातून निघालेल्या ठोकळ्यावर तसाच घट्ट बसतो.

मोठ्या माणसाला यात नेमकं काय गुंतवतं, ते मापांत शिरल्याशिवाय कळायचं नाही. दोन स्टडमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६. चपट्या प्लेटची जाडी त्याच्या बरोबर एक तृतीयांश, ३.२. आता पाच प्लेट एकावर एक रचा. उंची होते १६ मिलिमीटर, म्हणजे नेमकी दोन स्टडची रुंदी. याचा अर्थ असा की पाच प्लेटची चळत आडवी केली तर ती उभ्या बांधकामातल्या दोन स्टडच्या जागेत तंतोतंत बसते. स्टड वर न ठेवता बाजूला, खाली, पाहिजे त्या दिशेला वळवून बांधण्याचं अख्खं शास्त्र या एका हिशेबावर उभं आहे. जाणकार बांधणाऱ्यांना हे गणित तोंडपाठ असतं. 'मॉक', म्हणजे कोणत्याही पुस्तिकेत नसलेली स्वतःची रचना, करताना भिंतीवरची नक्षी, खिडकीची चौकट, दुकानाची पाटी हे सगळं आडव्या बांधकामातूनच येतं. त्यासाठी लागणारा लहानसा तुकडा म्हणजे एका बाजूच्या खोबणीत आडवा स्टड असलेला एका स्टडचा ठोकळा. तो मुळात मोटारीचा दिवा बसवायला केला होता. चाहते त्याला 'एर्लिंग' म्हणतात, कारण तो कंपनीच्या एर्लिंग डिडेरिक्सेन यांनी घडवला. कारखान्यातल्या आरेखकाचं नाव तुकड्याला देणारे हे ग्राहक आहेत.

दुसरं उदाहरण याहून बारीक आहे. स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर. ८ मधून ४.८ गेले की दोन स्टडमध्ये ३.२ ची फट उरते. प्लेटची जाडीही ३.२. मग उभी प्लेट त्या फटीत खोचायला काय हरकत आहे? कागदावर काहीच नाही. प्रत्यक्षात मात्र ती दाबून बसवावी लागते आणि प्लास्टिकवर कायमचा ताण राहतो. कंपनीच्या अधिकृत संचात ही जोडणी वर्ज्य आहे. अशा वर्ज्य जोडण्या कोणत्या आणि का, यावर जेमी बेरार्ड या आरेखकाने २००६ साली चाहत्यांसमोर सचित्र व्याख्यान दिलं. आजही दोन बांधणारे भेटले की त्याचा दाखला देऊन वाद घालतात. संगीतात वर्ज्य स्वरावरून जसा वाद रंगतो, तसाच हा.

बेरार्डही आधी चाहतेच होते. २००६ साली ते कंपनीत आले आणि २००७ साली त्यांचा 'कॅफे कॉर्नर' बाजारात आला. २,०५६ तुकड्यांची ही चौकातली जुन्या वळणाची इमारत. शेजारी दुसरी, तिसरी इमारत जोडत रस्ता वाढवता येईल अशी तिची रचना होती. लहान मुलाला यात ना चोर-पोलीस, ना अवकाशयान. तरीही ती चालली आणि त्या मालिकेत तेव्हापासून नव्या इमारतींची भर पडत आली आहे.

पण कंपनी या वळणावर आली ती मोठी ठेच लागल्यावर. २००३ आणि २००४ ही वर्षं लेगोला जवळजवळ बुडवून गेली. नको तितक्या दिशांना हातपाय पसरले होते, आणि एकाच संचात वापरता येतील असे खास तुकडे इतके वाढले की साच्यांचा खर्च झेपेना. २००४ साली यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प हे क्रिस्टियानसेन कुटुंबाबाहेरचे पहिले मुख्याधिकारी झाले. त्यांनी तुकड्यांचे प्रकार कमी केले, अवांतर धंदे विकले आणि प्रौढ चाहत्यांचं म्हणणं ऐकायला सुरुवात केली. त्याच सुमारास कंपनीने करडा रंग थोडा निळसर केला होता. मुलांच्या ते लक्षातही आलं नसेल. ज्यांनी वर्षानुवर्षं जुन्या करड्या रंगात किल्ले आणि अवकाशतळ बांधले होते, त्यांना मात्र तो घाव वाटला, कारण नवा ठोकळा जुन्या भिंतीत ठिगळासारखा दिसत होता. त्यांचा राग मला पूर्ण पटतो. सगळे तुकडे कायम एकमेकांत बसतील हे या खेळाचं वचन आहे आणि रंग त्या वचनाचाच भाग आहे.

कंपनीने न मागता चाहत्यांनी काय काय दिलं? ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ साली 'एलड्रॉ' लिहिलं. संगणकाच्या पडद्यावर एकेक ठोकळा मांडून रचना करता येईल अशी ती प्रणाली. १९९७ साली ऐन तारुण्यात ते गेले. त्यांनी बसवलेल्या पद्धतीत जगभरचे हौशी लोक एकेका तुकड्याचं मोजमाप भरत राहिले आणि तो संग्रह आजही वापरात आहे. १९९८ साली 'माइंडस्टॉर्म्स' हा यंत्रमानवाचा संच निघाला तेव्हा स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने त्याच्या आतली आज्ञावली उलगडून सगळ्यांसाठी खुली केली. कंपनी कोर्टात जाऊ शकली असती. तिने उलट परवान्यातच ती मोकळीक दिली. पुढची आवृत्ती घडवताना तर चार हौशी चाहत्यांनाच सल्ल्याला घेतलं आणि ते स्वतःच्या खर्चाने बिलुंडला गेले.

यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट अमेरिकेतल्या मॅथ्यू शिफ्रिन यांची. ते जन्मांध. ठोकळे हाताला कळायचे, पण पुस्तिका नुसत्या चित्रांची, म्हणून संच स्वतःच्या बळावर बांधणं शक्य नव्हतं. तेराव्या वाढदिवसाला त्यांच्या परिचित लिल्या फिंकेल एक जाडजूड बाड घेऊन आल्या. ८२१ तुकड्यांच्या एका राजवाड्याच्या सगळ्या पायऱ्या त्यांनी शब्दांत लिहून ब्रेलमध्ये उतरवल्या होत्या. कोणता तुकडा, कुठल्या बाजूने, कितव्या स्टडवर, हे सगळं. त्यासाठी आधी प्रत्येक तुकड्याला नाव द्यावं लागलं. पुढे दोघांनी मिळून असे आणखी संच शब्दांत आणले. २०१७ साली लिल्या वारल्या. शिफ्रिन यांनी काम कंपनीपर्यंत नेलं आणि २०१९ साली कंपनीने ब्रेल व ध्वनी-सूचना अधिकृतपणे सुरू केल्या. या छंदाला पोरखेळ म्हणणाऱ्याला मी हीच हकिगत सांगतो.

चाहत्यांच्या रचनांना रीतसर वाट मिळाली ती जपानमधून. तिथे २००८ साली सुरू झालेला उपक्रम पुढे 'लेगो आयडियाज' या नावाने जगभर पसरला. कुणीही आपली रचना मांडावी, दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळवावा, मग कंपनी ती तपासते, आणि संच निघाला तर मूळ रचनाकाराला विक्रीचा एक टक्का मिळतो. भूरसायनशास्त्रज्ञ एलेन कोईमन यांच्या कल्पनेतून २०१४ साली स्त्री-शास्त्रज्ञांचा संच आला. २०१७ साली चंद्रावर माणूस नेणारं 'सॅटर्न पाच' रॉकेट आलं. त्यात १,९६९ तुकडे आहेत आणि तो आकडा कशासाठी ठेवला, ते वाचकांना सांगायला नको.

मग १८+ च्या खोक्यांबद्दल माझी तक्रार काय? संच सुंदर आहेत. २०२१ सालच्या बोन्साय वृक्षाच्या फांद्यांवरची गुलाबी फुलं जवळून पाहा, ते चिमुकले बेडूक आहेत. आधीच असलेला तुकडा भलत्याच जागी वापरून नवा अर्थ काढण्याची ही युक्ती चाहत्यांच्या मेळाव्यांत मुरलेली आणि ती आता कंपनीच्या खोक्यात आली आहे. पण खोका फोडायचा, पिशव्यांचे आकडे बघत पुस्तिकेप्रमाणे लावत जायचं, कपाटावर ठेवायचं आणि पुढचा खोका आणायचा, एवढ्यावरच थांबलं तर कारागिराचा नुसता गिऱ्हाईक होतो. त्याहून वाईट म्हणजे खोका न उघडताच साठवणारे. बंद झालेल्या संचांच्या किमती वाढतात हे खरं आहे, रशियातल्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर अभ्यासही केला आहे. पण २००८ सालचा ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल ज्यांनी चढ्या भावाने विकण्यासाठी दाबून ठेवला, त्यांना २०१७ साली कंपनीने तोच संच जवळपास जसाच्या तसा पुन्हा काढल्यावर भाव उतरलेला पाहावा लागला. ज्यांनी तो बांधला, त्यांचं काहीच गेलं नाही.

प्लास्टिकचा प्रश्न मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापाशी 'टोकियो एक्स्प्रेस' जहाजावरून ६२ कंटेनर समुद्रात पडले. त्यातल्या एकात लेगोचे सुमारे ४८ लाख तुकडे होते, आणि योगायोगाने त्यातले बरेचसे समुद्री विषयाचे: ऑक्टोपस, पोहण्याची पावलं. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ते आजही सापडतात. प्लिमथ विद्यापीठाच्या अभ्यासानुसार लेगोचा ठोकळा समुद्रात शंभर ते तेराशे वर्षं टिकू शकतो. बाटल्यांच्या पुनर्वापरातून ठोकळे करण्याचा कंपनीचा प्रयोग २०२३ साली सोडून द्यावा लागला, कारण त्याने कार्बन कमी होत नव्हता. म्हणून ठोकळा टाकायचा नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरायचा, हीच या छंदाची नीती असायला हवी. जुन्या सुट्या तुकड्यांचा मोठा बाजार चाहत्यांनीच उभा केला, याचं मोल त्यामुळे आणखी वाढतं.

आपल्याकडे हा छंद महाग आहे. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ साली ७०. त्यामुळे मोठा संच घेणं मध्यमवर्गीयाला जड जातं आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेवर भरवसा ठेवावा लागतो. पण मोठ्यांनी खेळण्यात गुंतण्याची आपल्याला सवय नाही असं कुणी म्हणू नये. दिवाळीच्या दिवसांत वाड्यांत आणि सोसायट्यांत मुलांच्या नावाने किल्ला होतो, आणि बुरुजाचा उतार नीट आला का हे बघायला काका आणि दादा मातीत हात घालून बसलेले असतात. त्यांना कुणी वय विचारत नाही.

तुमच्या माळ्यावर मुलांचा किंवा तुमचाच जुना डबा पडला असेल तर एखाद्या सुट्टीत तो खाली काढा. तुकडे कोमट पाण्यात हाताने धुवा, पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, आणि वाळवायला उन्हात ठेवू नका. मग पाच प्लेट घ्या, आडव्या करा, दोन स्टडच्या जागेत बसवून बघा. सूचना पुस्तिका शोधत बसू नका.